आव, रक्त आणि ताप : अमीबा की शिगेला?

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला एका रात्रीत सणकून ताप भरला आणि सकाळपासून पोटात मुरडा येऊन शौचावाटे शेम व रक्त पडू लागले. ‘आव पडली आहे, उष्ण पडले असेल’ असे घरच्या वडीलधाऱ्यांचे मत झाले आणि औषधाच्या दुकानातून अमीबावरच्या व जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या आणल्या गेल्या. उतार पडला नाही. डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या बंद करून वेगळे औषध दिले आणि शौचाच्या तपासणीत ‘शिगेला’ आढळल्याचे सांगितले. आम्ही पाणी उकळून पितो, मग हे जंतू आले कोठून? धाकट्या मुलीला लागण होईल का? मुलाला शाळेत कधी पाठवावे? — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्याकडे शेम-रक्त दिसले की बहुतेकांच्या मनात आधी अमीबा येतो आणि त्यावरची गोळी चिठ्ठीशिवाय हातात पडते. लहान मुलांत मात्र अचानक चढलेला ताप, मुरडा आणि रक्तमिश्रित आव असे एकत्र दिसले, तर पहिला संशय शिगेला या जिवाणूचा घ्यावा लागतो. अमीबाचा आमांश सहसा हळूहळू, काही दिवसांत वाढत जातो आणि त्यात ताप नसतो किंवा बेताचाच असतो. घोटाळ्याचे आणखी एक कारण तपासणीतच आहे : अमीबाचा एक निरुपद्रवी भाऊबंद अनेकांच्या आतड्यात मुकाट्याने राहतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याची कोष्ठे (सिस्ट) खऱ्या अपराध्याच्या कोष्ठांसारखीच दिसतात. त्यामुळे ‘सिस्ट आढळल्या’ एवढ्या शेऱ्यावरून निदान पक्के मानू नये. रक्तपेशी गिळलेला, हालचाल करणारा अमीबा दिसला तर गोष्ट वेगळी.

शिगेलाचा शोध जपानमधला. तेथे १८९७ साली आमांशाची भयंकर साथ आली. नव्वद हजारांवर लोक आजारी पडले आणि वीस हजारांहून अधिक दगावले. जिवाणुशास्त्रज्ञ कितासातो यांच्या संस्थेतील तरुण संशोधक कियोशी शिगा यांनी ३६ रुग्णांच्या शौचाचा अभ्यास करून एक जिवाणू वेगळा काढला आणि आमांशातून उठलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवात तो मिसळला असता त्याच्या गुठळ्या होतात, हे दाखवले. त्यांच्याच नावावरून या जिवाणूंना शिगेला म्हणतात. त्यांच्या चार जाती असून भारतात फ्लेक्सनेरी आणि सोनेई या दोन प्रामुख्याने आढळतात. शिगांना सापडलेली डिसेंटरी ही जात सर्वांत घातक. तिच्या पहिल्या प्रकाराने १९८४ साली पश्चिम बंगालमध्ये मोठी साथ पसरवली होती.

आता आपल्या मुख्य शंकेकडे येतो. पटकीचे (कॉलराचे) जंतू जठरातील आम्लात मोठ्या प्रमाणावर मरतात, म्हणून ती होण्यासाठी पोटात लाखो जंतू जावे लागतात. शिगेला आम्लाला दाद देत नाही. दहा ते शंभर जिवाणूही आजारास पुरेसे ठरतात. एवढे जंतू नखाच्या कडेला, शौचालयाच्या कडीवर, नळाच्या तोटीवर किंवा घाणीवर बसून आलेल्या माशीच्या पायावर सहज मावतात. पाणी उकळणे योग्यच आहे, ते सोडू नये. परंतु तेच पाणी न धुतलेल्या हाताने पेला बुडवून काढले, तर उकळण्याचा उपयोग काय? या जिवाणूचे नैसर्गिक घर माणूसच, त्यामुळे लागण बहुधा दुसऱ्या मुलाकडून शाळेत किंवा कोणाच्या तरी हातच्या अन्नातून झाली असावी. संसर्गानंतर साधारण एक ते तीन दिवसांत लक्षणे दिसतात.

मोठ्या आतड्यात पोचल्यावर शिगेला अस्तराच्या पेशींत शिरतो, तेथे वाढतो आणि एका पेशीतून शेजारच्या पेशीत थेट घुसतो, भिंत फोडून शेजारच्या खोलीत जाणाऱ्या चोरासारखा. पेशी मरून जखमा होतात. त्यातून रक्त, पू आणि शेम येते, आणि पोट रिकामे असूनही मूल कुंथत राहते. अशा आतड्याची हालचाल गोळीने थांबवली तर जंतू आतच अधिक काळ राहतात. म्हणून आपल्या डॉक्टरांनी ती बंद केली, ते योग्यच केले. अमीबावरचे औषध तर शिगेलावर चालतच नाही. योग्य प्रतिजैविकाने साधारण दोन दिवसांत फरक दिसायला हवा. न दिसल्यास औषध बदलावे लागते, कारण पूर्वी हमखास लागू पडणाऱ्या अनेक औषधांना या जंतूने जुमानणे सोडले आहे. यासाठीच शौचाचा नमुना औषध सुरू होण्यापूर्वी घेऊन तो लगेच प्रयोगशाळेत पोचवावा. रेंगाळलेल्या नमुन्यात शिगेला लवकर मरतो आणि अहवाल खोटाच निर्दोष येतो.

जलसंजीवनी, पेज, मऊ भात, वरण हे सुरूच ठेवावे. उपाशी ठेवणे चूक. मुलांना जस्ताचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा ते चौदा दिवस द्यावे. झटके येणे, गुंगी, पोट फुगणे, लघवी कमी होणे किंवा एकाएकी पांढरे पडणे यांपैकी काहीही दिसल्यास रात्र उजाडायची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. शेवटच्या दोन खुणा जंतूच्या विषामुळे मूत्रपिंडावर परिणाम झाल्याच्या असू शकतात.

धाकटीला लागण होण्याची शक्यता खरोखरच आहे, मात्र लक्षणांशिवाय तिला प्रतिजैविक देऊ नये. मुलाचे शौच धुतल्यावर आपण साबणाने हात धुवावेत, त्याचे कपडे वेगळे भिजवून गरम पाण्यात धुवावेत, टॉवेल वेगळा ठेवावा. जुलाब पूर्ण थांबून दोन दिवस झाले की शाळेत पाठवण्यास हरकत नाही, पण शौचावाटे जंतू आणखी काही आठवडे बाहेर पडू शकतात, तेव्हा हात धुण्याची शिस्त तोवर सैल करू नये. घरात स्वयंपाक करणाऱ्या कोणाला जुलाब सुरू झाले, तर ते थांबून दोन दिवस उलटेपर्यंत त्या व्यक्तीने कणीक मळू नये आणि ताटेही वाढू नयेत.