२७व्या वर्षी, इंदूरमध्ये नोकरी करताना कार रेसिंगमध्ये शिरता येतं का?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलची पदवी आहे, इंदूरजवळच्या पीथमपूरला नोकरी आहे आणि घरचे म्हणतात, आता वय गेलं. मी त्याच वाटेने आलो, म्हणून उत्तर देतोय.

फॉर्म्युला वनचं म्हणाल तर वय गेलं, हे खरं आहे. तिथली बहुतेक मुलं शाळकरी वयातच कार्टमध्ये, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाडीत, बसलेली असतात. पण हौशी रेसिंगला आणि रेसिंगमधल्या कामाला २७ म्हणजे उशीर नव्हे. फक्त स्टिअरिंगपासून सुरुवात करू नका. ट्रॅकच्या कडेने आत या.

माझी सुरुवात कॉलेजात बाहापासून झाली. विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या कच्च्या रस्त्यावरच्या गाड्यांची ही स्पर्धा २००७ पासून आपल्या पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राच्या आवारात होऊ लागली. आमच्या वेळी सगळ्या संघांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एकच १० हॉर्सपॉवरचं इंजिन असायचं, त्याला हात लावायची परवानगी नाही. मग फरक पडणार तो वजनात, गिअरिंगमध्ये आणि चार तासांच्या एन्ड्युरन्समध्ये गाडी टिकते की नाही यात. आमची तिसऱ्या तासाला थांबली. सस्पेंशनचा एक ब्रॅकेट वेल्डिंगपाशी तुटला होता, आणि ते वेल्डिंग मी केलं होतं. त्या रात्री राऊवरून बसने घरी येताना ठरवलं की जे करीन ते मोजून करीन आणि लिहून ठेवीन.

तरी पुढे एकदा चुकलोच. नोकरी लागल्यावर घरचीच जुनी मारुती घेऊन ऑटोक्रॉसला उतरलो. मोकळ्या मैदानात कोन लावलेले असतात, एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध सुटते. तिसऱ्या फेरीत ब्रेकचं पेडल स्पंजासारखं खाली गेलं. कोन उडाले, कुणाला लागलं नाही. कारण साधं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ३ दर्जाचं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शिरलं की तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण माझ्या गाडीतलं ऑइल कधी बदललंय, ते माहीत नव्हतं.

तेव्हापासून वही ठेवतो, आणि या वहीनेच मला रेसिंगमध्ये काम दिलं. गाडी सुटण्याआधी चारही टायरमधली हवा, परत आल्याबरोबर पुन्हा हवा, आणि प्रत्येक टायरचं आतल्या कडेचं, मधलं आणि बाहेरच्या कडेचं तापमान. मध्य जास्त तापला तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा तापल्या तर कमी. फक्त आतली कड फार तापली तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बघायचा. ड्रायव्हर सांगतो, ‘पुढून घसरतेय’. वही सांगते का. कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर एका छोट्या संघाला मदत करायला गेलो, तेव्हा माझ्या ड्रायव्हिंगबद्दल कुणी विचारलं नाही. दोन दिवसांचे आकडे नीट लिहिलेले पाहिले आणि पुढच्या वेळी बोलावलं. पहिल्यांदा प्रवासाचा खर्च माझाच होता, तो तुम्हालाही करावा लागेल.

दुसरा दरवाजा मार्शलचा, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणाऱ्या माणसाचा. झेंडे शिकून घ्या. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. लाल-पिवळे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. लाल म्हणजे रेस थांबली. वळणावर दिवसभर उभं राहिलात की कोण कुठे ब्रेक मारतो, कोणाची गाडी कुठे सुटते, ते डोळ्यांत भरतं. मला वळण घेणं तिथेच कळलं, स्टिअरिंगमागे नंतर.

स्वतः चालवायची झाली तर राष्ट्रीय स्पर्धेसाठी एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं लायसन्स लागतं. पैसे आधी हेल्मेटवर घाला. मोटारसायकलचं हेल्मेट चालवून घेऊ नका. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए दर्जात आग सोसण्याची आणि रोलबारवर (गाडीतल्या संरक्षक लोखंडी नळीवर) आपटण्याची चाचणी असते, मोटारसायकलच्या एम दर्जात ती नसते. यावर मी कुणाशीही भांडायला तयार असतो.

नोकरी सोडू नका. तुम्ही रोज ज्या पीथमपूरला जाता तिथे नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, आणि गाड्यांच्या चाचण्यांचं काम करणारी माणसं तुमच्याच बसमध्ये बसलेली असतील. आणि हो, या रविवारी गाडीतलं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते शोधा. तारीख सापडली नाही तर बदला, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.