उत्तर: गरोदरपणाचा १५ वा आठवडा, ‘गट टेस्ट’चा (शौचाच्या नमुन्यातून आतड्यातल्या जंतूंची तपासणी) अहवाल वाईट, डाळ-दूध बंद करू का?

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या घरातला जुना मनस्ताप आठवला. उंची १५४ सेंटीमीटर, दिवस जाण्याआधीचं वजन ६८ किलो, अहवालात ‘वाईट जंतू जास्त, बाळाला लठ्ठपणाचा धोका’, सोबत गहू, दूध, तूरडाळ बंद करायचा कागद आणि प्रोबायोटिकच्या (जिवंत ‘चांगल्या’ जंतूंच्या) पावडरचा डबा. वरून सासूबाईंचं ‘दोघांचं खा’. फॉलिक, सोनोग्राफी तुमचं सुरू असेलच, त्यात जात नाही. मी डॉक्टर नाही. बीपी, थायरॉईड किंवा जुळं असेल तर खालचे काही आकडे बदलतात, ते तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

आधी तो कागद बाजूला ठेवा. डाळ आणि दूध बंद करू नका. आमच्याकडेही असाच अहवाल आला होता; पैसे गेले त्याचं काही नाही, पण ऐन दुसऱ्या तिमाहीत, बाळाला प्रथिनं जास्त लागायला लागतात तेव्हाच, ताटातली डाळ-दूध गेली आणि वजनाची वाढ थांबली. तुलना कुणाशी केली, गरोदर बायकांशी का, असं त्या तपासणी केंद्राला विचारलं तर उत्तर आलं, ‘ते सॉफ्टवेअर ठरवतं.’ अहवालावर सही करणाऱ्याला हे माहीत नसावं, याचा राग अजून जात नाही.

अहवाल फसवा का असतो ते सांगतो. त्यातली टक्केवारी म्हणजे जंतूंची संख्या नव्हे, एकूणातला वाटा. एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा घटलेला दिसणारच, मग तो प्रत्यक्षात तेवढाच का असेना. स्वस्तातली तपासणी बहुतेकदा जंतूंच्या गटापर्यंतच पोचते, नेमक्या जातीपर्यंत नाही, आणि एकाच गटात निरुपद्रवी आणि उपद्रवी दोन्ही असतात. बद्धकोष्ठ, लोहाच्या गोळ्या, अँटिबायोटिक, या सगळ्यांनी निकाल हलतो. त्यात आपलं नागपूर. नमुन्याच्या डबीत संरक्षक द्रव नसेल आणि डबी मे महिन्यात कुरियरवाल्याकडे दिवसभर पडून राहिली, तर काही जंतू वाटेतच वाढतात. ‘फर्मिक्युट्स-बॅक्टेरॉइडिट्सचं गुणोत्तर’ (आतड्यातल्या जंतूंच्या दोन मोठ्या गटांचं) म्हणून जो लाल रंगात आकडा छापतात, त्याचा लठ्ठपणाशी संबंध सुरुवातीच्या उंदरांच्या प्रयोगांत ठळक होता. माणसांचे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर तो टिकला नाही.

आणि गरोदरपणात आतड्यातले जंतू बदलणं हा आजार आहे, हेच मुळात ठरलेलं नाही. फिनलंडच्या बायकांवरच्या २०१२ च्या अभ्यासात पहिल्या ते तिसऱ्या तिमाहीत मोठा बदल दिसला. तिसऱ्या तिमाहीतले जंतू जंतुविरहित उंदरांना दिले तर त्यांची चरबी वाढली, इन्सुलिनचा परिणाम कमी झाला. २०१५ मध्ये अमेरिकेत दर आठवड्याला नमुने घेऊन पाहिलं, तर तसा बदल दिसलाच नाही. मग तुमच्या एका डबीवरून बाळाचं भविष्य कोण सांगणार?

आईचं जास्त वजन आणि मुलाचा लठ्ठपणा यांचा संबंध मात्र खरा आहे. जंतू ही त्यातली एक संभाव्य वाट. दुसऱ्या वाटा जास्त पक्क्या आहेत: आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही, म्हणून बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि चरबी साठवतं. शिवाय अनुवंश, आणि दोघांचा स्वयंपाक एकाच ओट्यावरचा. बाळ लहान जन्मलं म्हणजे सुटलो असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या माता-पोषण अभ्यासात खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची होती, तरी अंगावर चरबीचं प्रमाण जास्त. त्याच अभ्यासात आईला बी-१२ कमी आणि फोलेट (फॉलिक) जास्त असेल, तर मुलांत इन्सुलिनचा प्रतिरोध, म्हणजे इन्सुलिनचा परिणाम कमी होणं, जास्त दिसला. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ तपासाच. आतड्यातले जंतू ते बनवतात हे खरं, पण मोठ्या आतड्यात, आणि शोषण होतं त्याच्या आधी, लहान आतड्यात. त्यांच्या भरवशावर राहू नका.

तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २८.७ येतो. अमेरिकी तक्त्यात २५ ते २९.९ ला पूर्ण गरोदरपणात ७ ते ११.५ किलो वाढ सांगतात, ३० च्या वर ५ ते ९. भारतीय निकषांत २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. म्हणून माझ्या मते ७ ते ९ किलो धरा, म्हणजे आता आठवड्याला साधारण २२० ते २८० ग्रॅम. हिशेब दिवस जाण्याआधीच्या ६८ पासून करा, कार्डावर उशिरा नोंदलेल्या वजनापासून नाही. इथे खूप घोळ होतो. तोच काटा, सकाळी, लघवी करून, आठवड्यातून एकदाच. अचानक आठवड्यात किलोभर वाढलं आणि चेहरा सुजला किंवा डोकं दुखलं, तर त्याच दिवशी बीपी मोजून घ्या. वजन उतरवायचा प्रयत्न आत्ता नको.

‘दोघांचं खा’ला उत्तर: दुसऱ्या तिमाहीपासून जास्तीचे साधारण ३५० कॅलरी. म्हणजे दिवसाला एक भाकर, एक वाटी वरण, एक वाटी दही. तुमच्या वजनाला तेवढंही लागेल असं नाही. डिंकाच्या लाडवांचा डबा तूर्त वरच्या फळीवर.

जंतूंसाठी काही करायचंच असेल तर तंतुमय पदार्थ. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. डाळ, पालेभाजी, जवसाची चटणी चमचाभर, संत्र्याचा रस नाही तर अख्खं संत्रं. एकदम वाढवलं तर पोट फुगतं, आठवडाभरात हळूहळू वाढवा, पाणीही वाढवा. ताक-दही उत्तम, फक्त कढी केली की त्यातले जिवंत जंतू मेले. लोहाची गोळी चहा-दुधासोबत नको, कॅल्शियमपासून दोन तास लांब.

पावडर परत करा. जास्त वजनाच्या गरोदर बायकांवरच्या ब्रिस्बेनच्या चाचणीत प्रोबायोटिकने मधुमेह टळला नाही, आणि अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात प्रीएक्लॅम्प्सियाचा (गरोदरपणात बीपी वाढण्याचा गंभीर आजार) धोका वाढलेला दिसला. तो पैसा ग्लुकोजच्या चाचणीला लावा: ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात, ५ ते १० मिनिटांत प्यायचं, उपाशी असण्याची गरज नाही, दोन तासांनी प्लाझ्मा ग्लुकोज. १४० किंवा जास्त आलं तर मधुमेह धरतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिली ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत दुसरी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी असते, तिथेही विचारा.

लघवीत जंतुसंसर्ग निघाला तर ‘चांगले जंतू मरतील’ म्हणून अँटिबायोटिक टाळू नका, टाळलं तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. सिझेरियन झालं तर योनीतला स्राव बाळाला पुसायचा सल्ला नेटवर फिरतो, तोही नको. संसर्ग जाऊ शकतो. बाळासाठी पहिल्या तासात चीक पाजा. आईच्या दुधातल्या काही शर्करा बाळाला पचतच नाहीत, त्या बिफिडोबॅक्टेरियाचं (आतड्यातल्या उपयोगी जंतूंचं) अन्न आहेत. मध चाटवणं, बाळगुटी नको. सहा महिने पाणीसुद्धा नाही, आपल्या उन्हाळ्यातही नाही.