अमेरिकेत ‘कोलंबस डे’चं नाव खरंच बदललं का?

सरसकट नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची ही सुट्टी तिथल्या केंद्रीय कायद्यात आजही ‘कोलंबस डे’च आहे. बर्कली शहराने १९९२ मध्ये त्याऐवजी ‘इंडिजिनस पीपल्स डे’ म्हणजे मूळनिवासींचा दिवस पाळायला सुरुवात केली. २०२१ मध्ये बायडन यांनी मूळनिवासींच्या दिवसाची घोषणा काढली, पण कोलंबसचीही काढलीच!

या बदलाला विरोध मुख्यतः इटालियन-अमेरिकनांचा, कारण कोलंबस मूळचा इटलीचा; आणि तो निव्वळ हट्ट नव्हे. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने ११ इटालियनांना ठार मारलं होतं. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी कोलंबसच्या आगमनाची चारशे वर्षं देशभर साजरी करायला लावली. तेव्हा हिणवल्या जाणाऱ्या या लोकांना तो मोठा आधार वाटला.

तरी मी बदलाच्या बाजूने. कोलंबसने कॅरिबियन बेटांवरच्या मूळनिवासी टाइनो लोकांना गुलाम करून स्पेनला धाडलं. इटालियनांना अभिमानासाठी दुसरा कुणी सापडेल की!