कॉइल जमली, वात बिघडली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा समजला: १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये डिस्पोजेबल व्हेपची (वापरून फेकायच्या ई-सिगारेटची) विक्री बंद झाली, म्हणून तुम्ही मॉड (बॅटरीचं, वॉट ठरवणारं यंत्र) आणि आरटीए (तार-कापूस स्वतः बसवायचा टँक) घेतलात. व्हिडिओ बघून आयती क्लॅप्टन कॉइल (जाड तारेवर बारीक तार गुंडाळलेलं, तापणारं वेटोळं) बसवलीत, ५० वॉटवर लावलीत आणि घरात होतं तेच मिलीला २० मिलिग्रॅम निकोटिन असलेलं निक सॉल्ट लिक्विड भरलंत. दुसऱ्या झुरक्याला डोकं गरगरलं, चौथ्याला जळका कापूस, आणि सकाळी बघता तर टेबलावर थारोळं. आता विचारताय, तार बदलू की सगळं परत करू.

परत करू नका. तार बदला, पण बिचारीचा दोष फारसा नाही.

आधी गरगरण्याचं. डिस्पोजेबल जेमतेम दहा-बारा वॉटवर चालायचं, वाफ थोडी, म्हणून २० मिलिग्रॅम सोसायचं. ५० वॉटला त्याच्या कितीतरी पट वाफ येते आणि तितक्याच पटीने निकोटिन आत जातं. मळमळ, धडधड झाली की यंत्र खाली ठेवायचं, 'सवय होईल' म्हणून ओढत बसायचं नाही. मोठ्या ढगांची हौस असलेली मंडळी ३ मिलिग्रॅमवर असतात, हे व्हिडिओवाले सांगायला विसरतात. शिवाय इथल्या नियमांनी टँक २ मिलीचाच असतो. क्लॅप्टन तो बघता बघता पिऊन टाकते आणि कापूस कोरडा पडतो. तुम्ही बारा वर्षं सिगारेट ओढलीत, म्हणजे धूर आधी तोंडात, मग छातीत. तुम्हाला साधारण १ ओहमची, १२-१४ वॉटवर चालणारी साधी कॉइल हवी आहे.

आता तार. माझ्या वडिलांचं इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे गेज हा शब्द मी बाराखडीबरोबरच शिकलो. नंबर वाढला की तार बारीक आणि रोध जास्त. एकच रीळ घ्या: २८ गेज कांथल ए-१. हा लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, मूळ स्वीडनचा. एक मीटरला साधारण १८ ओहम. अडीच मिलिमीटरच्या दांड्यावर सहा वेढे घेतले तर त्यात पाच-सव्वापाच सेंटिमीटर तार जाते, दोन्ही पायांची (स्क्रूत जाणाऱ्या टोकांची) मिळून आणखी एक. १.१ ओहमच्या आसपास येतं. हातात धरायला धरून दहा सेंटिमीटर कापली तरी दहा मीटरच्या रिळात शंभर कॉइल होतात. नायक्रोम लवकर तापते, आपल्याकडच्या जुन्या विजेच्या शेगडीत तीच असायची, पण तिच्यात निकेल भरपूर. नकली दागिन्यांनी अंगाला खाज सुटते अशांनी तिच्या वाटेला जाऊ नये. शुद्ध निकेल आणि टायटॅनियमच्या तारा फक्त तापमान-नियंत्रणाच्या मोडसाठी असतात, त्या लाल करायच्याच नसतात. पहिल्या वर्षात त्यांचं नावही काढू नका.

वेढे एकमेकांना चिकटून घ्या. दांडा आत ठेवूनच कॉइल डेकवर (टँकच्या तळाच्या, स्क्रू असलेल्या बैठकीवर) आणा, म्हणजे स्क्रू आवळताना ती वाकडी होत नाही. पाय स्क्रूच्या अशा बाजूने घाला की आवळताना स्क्रूने तार आत ओढून घ्यावी. उलट बाजूने घातलीत तर बाहेर ढकलली जाते आणि तुम्ही तिला शिव्या देत बसता. उरलेलं टोक अगदी मुळाशी कापा. ते डेकला किंवा वरच्या टोपीला टेकलं की मॉड 'शॉर्ट' दाखवतो, आणि नवशिक्यांच्या दहातल्या नऊ शॉर्टचं कारण हेच असतं. कॉइल हवेच्या भोकासमोर, डेकपासून दोनेक मिलिमीटर वर.

मग कापूस न घालता १० वॉटवर एकेक सेकंद बटण दाबा. आधी एखादाच वेढा लाल होईल, बाकीचे काळे. घाबरू नका. बटण सोडा आणि सिरॅमिकच्या चिमट्याने वेढे हलके दाबा, किंवा बोथट टोकाने सतारीच्या तारेवरून बोट फिरवावं तसं फिरवा. असं पाच-सहा वेळा केलं की तापलेल्या कांथलवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा बारीक थर येतो. तो वीज अडवतो, त्यामुळे चिकटलेल्या वेढ्यांमधून वीज आडवाटेने न जाता तारेच्या पूर्ण लांबीतून जाते, आणि कॉइल मधून कडेला सारखी लाल होत जाते. स्टीलचा चिमटा असेल तर बटण चालू असताना तो कॉइलला लावायचा नाही, एवढं पथ्य.

इथपर्यंत हिशोब होता. खरी हातोटी पुढे आहे, आणि तुमचं घोडं तिथेच अडलंय.

घरी आजी निरांजनाच्या वाती वळायची ते आठवा. फार पीळ दिला तर तूप चढायचं नाही आणि वात चरचरत काळी पडायची. सैल वळली तर भसाभस पेटायची. इथेही वातच आहे, फक्त तुपाऐवजी लिक्विड. कॉइलमध्ये कापूस कोंबला की लिक्विड आतपर्यंत पोचत नाही, तार मात्र तापतच राहते. तुमचा चौथा झुरका तो. आणि जळक्या वासाकडे 'होईल ठीक' म्हणून कानाडोळा करू नका. कोरड्या वातीवर लिक्विड जास्त तापून त्यातून फॉर्मॅल्डिहाइडसारखी घातक द्रव्यं निघतात. चव करपली की तिथेच थांबायचं.

कापूस व्हेपसाठीचा सेंद्रिय घ्या. सुपरमार्केटमधल्या मेकअप पुसायच्या बोळ्यांत कधी कधी कृत्रिम धागा असतो, ते नकोत. पट्टीचं टोक पीळ देऊन टोकदार करा, कॉइलमधून ओवा, मग पीळ सोडवून कापूस पुढे-मागे सरकवा. थोडा अडखळत सरकला पाहिजे, पण कॉइल सोबत वाकता कामा नये. हे शब्दांत सांगून कळत नाही. चार वेळा चुकलात की बोटांना कळतं.

गळतीचं कारण शेपट्या. दोन्ही बाजूंचा कापूस तिरका कापा, सुईने विंचरून टोकं पातळ करा आणि डेकच्या, लिक्विड येण्याच्या खाचांवर हलकेच टेकवा. खाच झाकली गेली पाहिजे, बुजली नाही पाहिजे. उघडी राहिली की लिक्विड हवेच्या वाटेने टेबलावर, ठासून भरली की पुन्हा जळका वास. तुमच्याकडे दोन्ही एकदम झालंय, त्यावरून माझा अंदाज: कॉइलमध्ये कापूस दाटला आणि शेपट्या तोकड्या पडल्या. कापूस लिक्विडने पूर्ण भिजवा, टँक भरा, पाच-दहा मिनिटं थांबा, ११ वॉटपासून सुरुवात करून हळूहळू चढवा. १२ वॉटला ७०-३० चं (७० टक्के ग्लिसरीन, ३० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल) घट्ट लिक्विड वातीत चढायला वेळ लावतं, तुमच्यासाठी ५०-५० बरं.

आत कापूस भरूनच येणाऱ्या आयत्या कॉइल (आणि त्यांचा वेगळा टँक) घ्याव्यात का? दर आठवड्याला एकदा हे सगळं करायचा कंटाळा असेल तर अवश्य घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मी स्वतः प्रवासात त्याच नेतो. जुनी काढा, नवीनच्या कापसाच्या खिडक्यांवर चार-चार थेंब सोडा, बसवा, टँक भरून दहा मिनिटं ठेवा, आणि तिच्यावर छापलेल्या वॉटच्या खालच्या आकड्यापासून सुरू करा. पहिल्या दिवशी कॉइल जाते ती बहुतेक वेळा या दहा मिनिटांच्या घाईने. हाताने केलेलीत फायदा हा की वात काळी पडली तर फक्त कापूस बदलायचा, कोरडी कॉइल थोडी लाल करून काजळी जाळायची, गार झाल्यावर ब्रश मारायचा. गोड लिक्विडमधलं सुक्रालोज तारेवर करपून बसतं, त्यामुळे गोडखाऊ लोकांना हे चार दिवसांतच करावं लागतं.

बॅटरीचं तेवढं गंभीरपणे घ्या. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. १.१ ओहमला चार अँपिअरहूनही कमी वीज लागते, कुठलाही बरा १८६५० सेल (मॉडमध्ये घालायचा सुटा लिथियम सेल) ती हसत देतो. नियंत्रण नसलेल्या मेकॅनिकल मॉडवर ०.२ ओहमची कॉइल लावली तर तोच आकडा २१ होतो, आणि बऱ्याच चांगल्या सेलची सलग मर्यादा २० असते. म्हणून मेकॅनिकल मॉड घेऊ नका, कुणी फुकट दिला तरी. सेलवरचं प्लास्टिक फाटलं की नवं चढवा. सुटा सेल खिशात टाकू नका. मी एकदा किल्ल्यांसोबत टाकला होता, मांडीला चटका बसल्यावर रस्त्यातच जीन्सचा खिसा उलटा केला.

आणि दिवाळीला घरी जाणार असाल तर हे सगळं इथेच ठेवून जा. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, साठा सगळंच बंद आहे.

आज रात्री नवीन कॉइल बसवलीत की कापूस घालायच्या आधी मॉड किती ओहम दाखवतो ते लिहा, आणि शेपट्या खाचांवर बसवल्यावरचा एक फोटो टाका. टोपी लावायच्या आधीचा. गळतीचं मग बघू.