माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीला बालवाडीत बाकीची मुलं खेळायला घेत नाहीत, काय करू?

ताई, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत १४ वर्षं बालवाडी घेते, तुमचा प्रश्न वाचून पोटात कालवलं.

आधी एक सांगते, "तू नको" म्हणणारी पोरं वाईट नसतात. कोण आई, कोण बाळ, कशाची भाजी हे ठरवतानाच त्यांचा जीव मेटाकुटीला येतो आणि जरा कुठं खेळ जमतोय तोवर नवीन कोणतरी आलं की सगळं मोडतं, म्हणून ती दार लावून घेतात. विल्यम कोर्सारो म्हणून समाजशास्त्रज्ञ होते, अमेरिकेत आणि इटलीत बालवाडीतल्या मुलांच्यात बसून त्यांनी हेच टिपलं, की मुलं चाललेला खेळ जपत असतात. त्यामुळं सरळ "मला घेता का?" विचारलं की "नाही" ठरलेलंच.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडं तिघी चिखलाचा तांबडा रस्सा करत बसलेल्या, चौथी कडेला फ्रॉकचं टोक चावत उभी. दोनदा विचारून झालं, दोनदा "न्हाई, जागा न्हाई". मी कुणाला ओरडले नाही, हिच्या ओंजळीत शेवग्याचा पाला दिला आणि कानात सांगितलं, कोथमीर विकायला जा. ही "कोथमीर घ्या कोथमीर" करत गेली, तर एकीनं मान वर न करताच विचारलं, "कशी दिली ओ मावशी?" मग सुट्टी होईपर्यंत ही तिथंच.

घरी तिच्याशी हेच खेळा, आधी बघायचं काय चाललंय आणि मग त्यातलंच काहीतरी घेऊन शेजारी बसायचं. आपल्याकडं गल्लीत बारक्यांना कच्चं लिंबू करून घेतात ना, राज्य नाही पण खेळात आहे, मी वर्गात ते अजून वापरते.

पण रोज तीच बाहेर राहत असेल, किंवा कारण रंग, बोलणं, डब्यातलं जेवण असलं काही असेल, तर ते मोठ्यांकडनं आलेलं असतं आणि तिथं बाईंनी त्याच दिवशी मधे पडलंच पाहिजे. शिकागोच्या विव्हियन पॅली बाईंनी वर्गात नियमच केला होता, "तू खेळायचं नाहीस" असं कुणी कुणाला म्हणायचं नाही, १९९२ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तकही आलं. मीही तो नियम लावलाय, सुरुवातीला लई रडारड झाली तरी सोडला नाही.

बाईंना भेटाल तेव्हा कोण त्रास देतं हे विचारू नका, ती कुणाकडं बघत उभी असते ते विचारा आणि त्या एकाच पोराला रविवारी घरी बोलवा. दोघांना नको, तिघं झाली की एक बाहेर पडतंच.