फ्रीलान्स लेखन पूर्णवेळ करायचंय. स्फूर्ती आणि पैसे, दोन्हींचं कसं जमवायचं?

स्फूर्तीची वाट पाहू नका, तारीख ठरवून घ्या. दिवाळी अंकांचं चक्र बघा: १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक ऐन पावसाळ्यात दिवाळीचं लिहीत आलेत. ऑक्टोबरात विषय सुचवून उपयोग नसतो, मे-जूनमध्येच संपादकांना दोन ओळींचा मेल गेला पाहिजे. मुदत डोक्यावर असली की सुचतं, हा माझा पक्का अनुभव आहे.

पैशांचं मात्र नीट ऐका. काम घेण्याआधी एकच मेल टाका: "१२०० शब्द, मानधन इतकं, एकदाच दुरुस्ती, लेख मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे. मान्य असल्यास कळवा." समोरून "मान्य" आलं की मगच लिहायला बसा. फोनवरचं "बघू नंतर" धरून चालू नका.

आणि हक्क! तुम्ही नोकरीत नसाल तर लेखाचा कॉपीराइट मुळात तुमचाच असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. १९५७ च्या कायद्यानुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून "सर्व हक्क कायमचे" असं छापलेल्या कागदावर घाईत सही करू नका. "फक्त या अंकापुरते" असं लिहून मागा, बरेच संपादक खळखळ न करता देतात. ऑडिओचे हक्क वेगळे ठेवा, हल्ली त्यांनाही मागणी आहे.