सेक्शन डिफेन्स दर वेळी फुटतोय? कमांडर बदलू नकोस, जागा तीच ठेव

तू लिहिलंयस की एनसीसी कॅम्पमध्ये तुमचं सेक्शन, म्हणजे दहा जणांची तुकडी, दर वेळी नव्या जागी डिफेन्स (बचावाची फळी) घेतं, दर वेळी सरावातला ‘शत्रू’ थेट मोर्चात, म्हणजे लपायला खणलेल्या खड्ड्यात, येऊन उभा राहतो, आणि आता सेक्शन कमांडर बदलायचं चाललंय. वाचताना आमची बॅचच डोळ्यासमोर आली. रायफल ग्रुप, एलएमजी (हलकी मशीनगन) ग्रुप, दहा जणांची वाटणी हे उस्तादांनी, म्हणजे फौजेतल्या प्रशिक्षकांनी, शिकवलं असेलच, त्यात शिरत नाही.

आमचा सराव सोलापूरबाहेरच्या माळावर, हिवाळ्यात. गवत वाळून पिवळं पडलेलं आणि मोर्चातून उपसलेली माती काळीभोर. तो काळा पट्टा लांबूनही दिसतो, पण मोर्चात बसलेल्याला ते कळायला मार्ग नसतो. ओढ्याचंही तेच. उभं राहून पाहिलं की माळ सपाट वाटतो, पालथं पडून रायफलीवरून पाहिलं की ओढ्याचं पात्र नजरेआड जातं. शत्रू तिथूनच येतो, बाभळींच्या आडोशाने. म्हणून खणण्याआधी एकाने समोर जाऊन, झोपून, आपल्याच जागेकडे बघायचं. उपसलेली माती पांगवून वर आजूबाजूचंच वाळलेलं गवत टाकायचं. एलएमजी मधोमध समोर तोंड करून ठेवू नका. एका बगलेला ठेवा, म्हणजे मारा आघाडीसमोरून आडवा जातो. ओढ्याच्या वळणावर वेगळी रायफल हवीच.

हे एका दिवसात शिकता येतं, अट एकच: तीच जागा, तोच हल्ला, लगेच पुन्हा. आम्हाला नेमकं हेच मिळालं नाही. माळाची परवानगी ज्या कार्यालयाकडे होती, तिथे ‘एका अर्जावर एकच दिवस’ हा नियम. दुसऱ्या दिवसासाठी नवा अर्ज, नवे शिक्के, आणि मिळायची ती भलतीच जागा. साहेब जेवायला, मग मीटिंगला, मग रजेवर. मग चूक झाली कुठे, हे तिथेच उभं राहून तपासणार कसं? ओढ्याची गोष्ट आमच्या लक्षात यायला अख्खं वर्ष गेलं. अजूनही राग येतो. पोरं पहाटे थंडीत खणायला तयार होती हो! तुमच्या एएनओ सरांना (कॉलेजात एनसीसी सांभाळणारे शिक्षक) सांगून सलग दोन दिवसांचं पत्र आधीच घ्या, पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.

सवड काढून सेक्शनला सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात ने. सपाटीवरचा किल्ला, उंचीचा आधार नाही, म्हणून दुहेरी तटबंदी, खंदक आणि एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. बाहेरचा तट चढून आलेला आतल्या तटाच्या माऱ्यात सापडतो. ‘डेप्थ’ (बचावाची एकामागे एक फळी) म्हणजे काय ते फळ्यापेक्षा तिथे लवकर कळतं. तरी १८१८ साली इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने तो घेतलाच, तेव्हा नुसत्या भिंतींवर विसंबू नये हेही पोरांना सांग.

आणखी एक, पाण्याची बाटली अर्धी ठेवू नका, रात्री खळखळते. भरलेली नाहीतर रिकामी.

मी फौजेत नव्हतो, एनसीसीच्या ‘सी’ सर्टिफिकेटपर्यंतचाच अनुभव आहे. उस्ताद वेगळं सांगत असतील तर त्यांचंच ऐक. तुमच्या माळावर ओढा कुठल्या अंगाला आहे आणि एलएमजी कुठे ठेवली होती तेवढं लिही, मग नेमकं सांगता येईल.